‘पेनिसिलामिन आहे का?’ – एका मेडिकलवालीचा अनुभव

आमचं मेडिकल कराडच्या बाजूला एका मोठ्या गावात आहे. सासऱ्यांनी काढलेलं, आता लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं. दिवसभर काय जातं तर बीपी, शुगर, थायरॉईड, अॅसिडिटी, पोरांचे सर्दी-खोकल्याचे सिरप, आणि उसाचा सीझन लागला की तोडणीवाल्यांच्या अंगदुखीच्या गोळ्या. दुर्मिळ आजार म्हटलं की लोकांना ते सोळा कोटींचं इंजेक्शन आणि त्यासाठी व्हॉट्सअॅपवर फिरणारं पैसे गोळा करायचं आवाहन आठवतं, म्हणजे सगळं मोठ्या हॉस्पिटलातलं काम, आपला काय संबंध. पण यातल्या कितीतरी पेशंटचं निदान तेवढं पुण्या-मुंबईला होतं आणि पुढचं अख्खं आयुष्य औषध आणायला ते आपल्यासारख्याच कुठल्यातरी दुकानात उभे असतात, ही गोष्ट कुणी बोलत नाही. आमच्याकडे असं एक घर आलं, त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि त्या निमित्ताने जे जे करावं लागलं ते लिहून काढावं असं कधीचं मनात होतं. आमच्याच लाईनमधल्या कुणाला उपयोगी पडलं तर बरंच.

तर एका संध्याकाळी गर्दीच्या वेळेला एक दादा पुण्याच्या हॉस्पिटलची जाडजूड फाईल घेऊन आले. म्हणाले, ताई तीन मेडिकल फिरून आलोय, कुणाकडेच नाही, तुमच्याकडे पेनिसिलामिन आहे का बघा. आमचा काउंटरवरचा पोरगा हुशार आहे, पण नाव ऐकलं आणि सरळ अँटिबायोटिकच्या रॅककडे गेला, कारण त्याच्या कानाला पेनिसिलिनच ऐकू आलं. मी म्हटलं थांब, चिठ्ठी दे इकडे. डी-पेनिसिलामिन २५० मिलीग्रॅम, सोबत व्हिटॅमिन बी-६, आणि वर निदान लिहिलेलं विल्सन्स डिसीज, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा आजार. पेशंट कोण विचारलं तर त्यांची मुलगी, नववीत. तिला आधी कावीळ झाली होती, गावाकडे कावीळ म्हटलं की जे जे होतं ते सगळं झालं, माळ घातली, झाडपाला झाला, कावीळ उतरली म्हणून सगळे निर्धास्त. मग वर्षभराने हात थरथरायला लागला, अक्षर बिघडलं, बोलणं जड यायला लागलं, शाळेतल्या बाईंनी वहीत शेरा मारला की लक्ष देत नाही, घरच्यांना वाटलं दहावी जवळ आली त्याचं टेन्शन घेतीय. शेवटी कराडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर, बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं बघितलं आणि थेट पुण्याला पाठवलं. मला त्या डॉक्टरांचं कौतुक वाटतं. ते कडं दिसलं तरी त्याचा अर्थ लागावा लागतो.

आता खरं सांगायचं तर डी.फार्म.ला आम्हाला पेनिसिलामिन होतं. जड धातूंच्या विषबाधेवर कुठलं औषध, त्या धड्यात आर्सेनिकला हे, शिशाला हे, आणि तांब्याला पेनिसिलामिन, पुढे एका ओळीत विल्सन्स डिसीज. दोन मार्कांचा प्रश्न. परीक्षेपुरतं ते सगळ्यांना येतं. समोर वडील उभे राहून विचारतात की ताई हे चहाबरोबर दिलं तर चालेल का, ते त्या दोन मार्कांत नसतं.

त्या दिवशी औषध नव्हतंच, त्यामुळे मागवते म्हटलं आणि बोलत बसलो. बोलता बोलता ते म्हणाले, लहानपणी हिला पेनिसिलिनच्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या, ते पुण्याच्या डॉक्टरांना सांगायचं राहिलं बहुतेक. मी जरा सावध झाले. पेनिसिलामिन हे अँटिबायोटिक नाही, पण ते पेनिसिलिनच्याच रेणूचा एक तुकडा आहे, आणि औषधाच्या पत्रकात पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्यांबद्दल इशारा लिहिलेला असतो. म्हणून फाईलवरच्या नंबरला फोन लावला. पहिल्यांदा रिसेप्शन, मग ओपीडी, मग कुणी उचललंच नाही, मग दुसऱ्या दिवशी एक निवासी डॉक्टर सापडल्या आणि त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, मॅडम बरं केलंत फोन केला, हल्ली हे औषध कृत्रिमरीत्या बनतं त्यामुळे धोका कमी असतो, पण आम्ही नोंद करतो, सुरुवातीचे तीन आठवडे ताप, पुरळ, गाठी असं काही आलं तर लगेच कळवायला सांगा, आणि रक्त-लघवीच्या तपासण्या चुकवू देऊ नका. कारण या औषधाने प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, लघवीतून प्रोटीन जाऊ शकतं. हे सगळं मी एका कागदावर मराठीत लिहून दिलं. माणूस ऐकताना मान हलवतो आणि एसटीत बसेपर्यंत विसरतो, त्यात त्याची चूक नाही.

मग औषध मिळवायची खटपट. आमच्या नेहमीच्या स्टॉकिस्टला फोन केला तर तो म्हणाला, वहिनी हा कंटेंटच आमच्याकडे फिरत नाही. कोल्हापूर, सांगली, तेच. शेवटी पुण्याला सदाशिव पेठेत, जिथे होलसेलवाल्यांची दुकानं एकाला एक चिकटून आहेत, तिथल्या एकाकडे मिळालं, पण अटी अशा की पैसे आधी, माल रिटर्न होणार नाही, आणि घ्यायचं तर एवढं एकदम. रिटर्न नाही म्हणजे काय हे दुकानदारालाच कळेल. पेशंट उद्या दुसरीकडून घ्यायला लागला किंवा डॉक्टरांनी औषध बदललं की आपण ते एक्सपायरी होईपर्यंत बघत बसायचं. सासऱ्यांनी विचारलंही, एका गिऱ्हाइकासाठी एवढं अडकवायचं का? वाईट म्हणून नाही विचारलं, पन्नास वर्षं धंदा केलेला माणूस तसंच विचारणार. मी दादांशी सरळ बोलले, की तुम्ही दर महिन्याला घेणार असाल आणि बदल झाला तर लगेच सांगणार असाल तर मी ठेवते. ते म्हणाले ताई जन्मभराचं औषध आहे, मी कुठे जातोय. ते अजूनही येतात.

जन्मभराचं हे लोकांना पटत नाही. कावीळ उतरली, हात थांबला, अक्षर सुधारलं की वाटतं झालं बरं. पण हा आजार म्हणजे लिव्हरमधलं जादा तांबं पित्तातून बाहेर टाकणारी जी यंत्रणा असते तिचं जनुकच बिघडलेलं असतं, एटीपी७बी नावाचं, आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आलेली. ते जनुक काही औषधाने दुरुस्त होत नाही. औषध फक्त साठलेलं तांबं ओढून लघवीवाटे काढतं. बंद केलं की पुन्हा साठायला सुरुवात, आणि औषध सोडलेल्या पेशंटचं लिव्हर अचानक बसल्याची उदाहरणं वैद्यकीय पुस्तकांत भरपूर आहेत. किनियर विल्सन यांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं तेव्हा आणि पुढे कित्येक वर्षं त्याला उपाय नव्हता, १९५६ साली जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरांनी पेनिसिलामिन वापरून दाखवलं. म्हणजे दुर्मिळ आजारांमध्ये ही नशीबवान माणसं. कॅप्सूल आहे, तोंडाने घ्यायची आहे, कोटींत नाही. फक्त नीट घेतली पाहिजे आणि मिळाली पाहिजे.

नीट घेतली पाहिजे याच्यात आमचे बरेच दिवस गेले. पॅकमध्ये ती घडी घातलेली पातळ कागदाची पट्टी असते ना, बारीक अक्षरांची, जी आपण उघडतही नाही, ती मी भिंग घेऊन वाचली. कॅप्सूल उपाशीपोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर. जेवणाबरोबर घेतली तर शोषण जवळपास निम्म्यावर येतं, लोहाच्या गोळीबरोबर त्याहून खाली, अँटासिडबरोबरही कमी. दूध नको. आता हे आमच्या गावात बसवून दाखवा. पोरगी उठली की पहिला चहा, दुधाचा. साडेनऊला डबा भरून एसटीने शाळा. संध्याकाळी आली की भूक, दिसेल ते खाणार. रात्रीचं जेवण नऊला, मग दोन तासांनी म्हणजे अकरा, तोवर ती झोपलेली, मग आई म्हणते झोपू दे लेकराला, उद्या देऊ. चिठ्ठीवर दिवसातून दोनदा एवढंच लिहिलेलं, आणि बहुतेक दुकानांत त्याचा अर्थ सकाळी-रात्री जेवणानंतर असाच पाकिटावर टिकमार्क होऊन जातो.

आम्ही काउंटरवर बसून तिचा दिवस मांडला. मी, दादा आणि ती. तिलाच विचारलं की तुला कधी जमेल, कारण शेवटी गिळणार ती. ती म्हणाली काकू, मी सहाला उठते, तेव्हा आई पाणी तापवत असते, तेव्हा घेईन आणि चहा सातनंतर. दुसरी शाळेतून आल्यावर लगेच, दप्तर टाकायच्या आधी, आणि खायचं तासाभराने. डबा तर दुपारीच खाल्लेला, त्यामुळे मधले दोन तास सहज होतात. डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं, त्या हो म्हणाल्या. बी-६ दुपारी डब्याबरोबर, कारण पेनिसिलामिन शरीरातलं बी-६ खेचतं म्हणून ते वरून द्यावं लागतं. बी-६ स्वस्त असतं म्हणून लोक विसरतात किंवा दुकानदार सरळ बी-कॉम्प्लेक्स टेकवतो आणि त्यात बी-६ दोन-तीन मिलीग्रॅमच असतं. डोस पण हळूहळू वाढवायचा होता, कारण एकदम वाढवला तर काही पेशंटचा थरथराट आणि बोलणं आणखी बिघडतं. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवायला लागतं, नाहीतर त्यांना वाटतं औषधच बाधलं आणि स्वतःच बंद करून टाकतात.

इथपर्यंत सगळं त्या एका औषधाबद्दल होतं. माझं डोकं खरं चाललं ते यानंतर. कारण दुर्मिळ औषधाच्या बाबतीत सगळेच जपून असतात, डॉक्टर, घरचे, मी. घोटाळा होतो तो रोजच्या, बिनचिठ्ठीच्या, हातासरशी दिल्या जाणाऱ्या मालात.

पहिलं उदाहरण मल्टीव्हिटॅमिन. तिची आई एकदा आली, म्हणाली पोरगी वाळलीय, एखादी ताकदीची गोळी द्या. रॅकवरची सगळ्यात जास्त खपणारी पट्टी हातात घेतली आणि मागचं वाचलं, मोबाईलने फोटो काढून मोठा करून, कारण चंदेरी पट्टीवर चंदेरी अक्षरं छापायची कुणाची अक्कल आहे देव जाणे. त्यात झिंक होतं, सेलेनियम होतं, मँगनीज होतं, आणि खाली कॉपर सल्फेट. तांबं! जे काढायला ती रोज दोनदा कॅप्सूल गिळते तेच. मग दुसरी पट्टी, तिच्यात क्युप्रिक ऑक्साइड, म्हणजे परत तांबंच. त्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं तर मी सगळ्या मल्टीव्हिटॅमिन-मिनरलच्या पट्ट्या खाली काढल्या आणि तांबं असलेल्यांना मार्करने लाल ठिपका मारला. रॅकवर ठिपकेच ठिपके. आमच्या पोराने विचारलं वहिनी ह्या एक्सपायर झाल्यात का.

दुसरं म्हणजे लोहाची गोळी. शाळेत किशोरवयीन मुलींना आठवड्याला निळी गोळी देतात, लोह आणि फॉलिक अॅसिडची, चांगली योजना आहे, आपल्याकडच्या मुलींना त्याची गरज आहेच. पण हिच्या बाबतीत ती कधी घेतली जाते याने फरक पडतो. शाळेत मधल्या सुट्टीनंतर देतात म्हणजे कॅप्सूलपासून लांब, असं नशिबाने निघालं, तरी डॉक्टरांकडून चिठ्ठी आणायला सांगितलं आणि ती वर्गशिक्षिकेला दिली.

तिसरं मला सगळ्यात जास्त खटकलं. फाईलमध्ये जुन्या औषधांची यादी चाळताना दिसलं की पहिल्या काविळीच्या वेळी तिने आरोग्यवर्धिनी वटी बरेच दिवस घेतलेली. आमच्याकडे ती रोज जाते, लिव्हरसाठी म्हणून लोक मागतात, चिठ्ठी लागत नाही. तिच्या पारंपरिक पाठात ताम्र भस्म आहे. आयुर्वेदावर बोलायचं नाही मला, माझ्या सासूबाईंचं अर्धं कपाट त्याच औषधांचं आहे आणि साध्या माणसाच्या पोटात गेलेलं तांबं त्याचं लिव्हर बाहेर टाकतं. पण ज्या मुलीला ते टाकताच येत नाही तिच्या काविळीवर आपण तांबं देतोय, आणि देणाऱ्या-घेणाऱ्या कुणालाच ते माहीत नाही. तेव्हा निदानच झालेलं नव्हतं म्हणून कुणाला बोल लावता येत नाही. आता मात्र माहीत आहे. म्हणून दादांना सांगून ठेवलंय की भस्म असलेलं काहीही घ्यायच्या आधी मला दाखवा, भले ते कुणी फुकट देऊ दे. तसंच तांब्याच्या बाटलीतलं पाणी. दादांनी निदानाच्या आधी सहा महिने मोठ्या हौसेने दोन बाटल्या आणल्या होत्या, लिव्हर चांगलं राहतं असं कुणीतरी सांगितलेलं. त्या देवघरात गेल्या.

चौथं, उलटीची गोळी. हात थरथरणाऱ्या, बोलणं जड झालेल्या विल्सनच्या पेशंटला मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, कारण ते मेंदूतल्या डोपामिनवर काम करतं आणि तीच लक्षणं वाढवतं. आता प्रवासात मळमळलं म्हणून कुठल्याही स्टँडवरच्या मेडिकलमध्ये हे मिळून जातं. दादांच्या खिशात मी एक छोटं कार्ड करून दिलंय, लॅमिनेट केलेलं, त्यावर आजाराचं नाव, चालू औषधं आणि काय देऊ नका ते. काय देऊ नका हे आधी लिहिलंय, कारण माणूस कार्ड पूर्ण वाचत नाही.

हे सगळं चालू असताना आमच्या कॉलेजचे एक सर, आता निवृत्त, पूर्वी पुण्यात हॉस्पिटलच्या फार्मसीत होते, त्यांना फोन केला होता की सर असं असं पेशंट आहे. मला वाटलं त्यांनाही नवीन असेल. तर ते हसले, म्हणाले अगं पेनिसिलामिन आम्ही लहान बाळांना दिलेलं आहे. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलेलं नव्हतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याकडे वर्ष-दोन वर्षांच्या बाळांना लिव्हरचा एक आजार व्हायचा, पोट फुगायचं, लिव्हर दगडासारखं टणक, आणि बहुतेक बाळं जायची. इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस म्हणायचे त्याला. त्या बाळांच्या लिव्हरमध्ये तांबं प्रचंड सापडायचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी मिळून शोध घेतला, तर धागा निघाला दुधापर्यंत. बाळाला लवकर वरचं दूध सुरू व्हायचं, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेलं असायचं. १९८३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते. लवकर सापडलेल्या बाळांना पेनिसिलामिन देऊन वाचवता येतं हेही पुण्यातच दिसलं. पुढे घरोघरी स्टील आलं, लोकांना सांगितलं गेलं, आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. सर म्हणाले, कल्हईवाला दारावर यायचा बंद झाला आणि बायकांनी पितळ तसंच वापरलं, त्यापेक्षा स्टील आलं ते बरं झालं. म्हणजे ज्या औषधाला आमचा स्टॉकिस्ट ओळखत नव्हता ते आपल्या पुण्यात एका पिढीतल्या फार्मासिस्टच्या रोजच्या हातातलं होतं. आजार गेला, ती माणसं निवृत्त झाली, आणि माहिती पण त्यांच्याबरोबर घरी गेली.

तिच्या धाकट्या भावाची गोष्ट थोडक्यात. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून डॉक्टरांनी त्याचीही तपासणी सांगितली होती, पण तो धडधाकट, पळणारा पोरगा, घरचे टाळत होते, परत खर्च, परत पुणे. मी प्रत्येक वेळी बिल करताना विचारायचे, भावाचं झालं का? दादा एकदा वैतागले पण. शेवटी झालं, रक्तातलं सेरुलोप्लास्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) कमी, चोवीस तासांच्या लघवीत तांबं जास्त. काहीही त्रास नसताना सापडला. त्याला डॉक्टरांनी झिंक सुरू केलं. झिंक आतड्याच्या पेशींत एक प्रथिन वाढवतं, ते जेवणातलं तांबं तिथेच धरून ठेवतं आणि पेशी झडल्या की शौचावाटे निघून जातं. ५० मिलीग्रॅम, दिवसातून तीनदा, तेही उपाशीपोटीच. आणि इथे परत तोच घोळ. एकदा सुट्टीत ते मामाकडे गेले, तिथे झिंक संपलं, तिथल्या दुकानातून आणलं. परत आल्यावर पट्टी बघितली तर लहान पोरांना जुलाबात देतात त्या पाण्यात विरघळणाऱ्या २० च्या गोळ्या. दुकानदाराने फसवलं असं नाही, झिंक मागितलं, झिंक दिलं. आकडा कुणी बघितला नाही आणि कशासाठी हे कुणी विचारलं नाही. शिवाय २२० मिलीग्रॅम झिंक सल्फेट म्हणजे ५० मिलीग्रॅम झिंक, हा हिशोब पट्टीवर एकीकडे क्षाराचा आणि एकीकडे धातूचा लिहिलेला असतो, तो नेमका कुठला हे बघावं लागतं. पाकिटावर मी आता आजाराचं नाव लिहीत नाही, पोराला शाळेत चिडवतील, पण ‘५० धातू झिंक’ असं ठळक लिहिते.

मधे एकदा पेनिसिलामिनची बाजारात टंचाई झाली. सदाशिव पेठ म्हणे शॉर्ट, कंपनीकडूनच माल नाही, कधी येईल सांगता येत नाही. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, पण यादीत असणं आणि रॅकवर असणं यात फार अंतर आहे. यात नुसतं थांबणं धोक्याचं आहे असं नाही, मधे खंड पडून परत सुरू केलं की अंगावर रिअॅक्शन यायची शक्यता असते, म्हणून पट्टी संपायची वाट बघून चालत नाही. मी तेव्हापासून नियमच केला की त्यांच्या घरात महिन्याचं शिल्लक असतानाच पुढचं आणायचं. त्या टंचाईत मी आधी हॉस्पिटलला फोन केला, मग परळच्या हॉस्पिटलांच्या आजूबाजूच्या मेडिकलना एकेक करून विचारलं, मुंबईला जाणाऱ्या आमच्या भाच्याला कामाला लावलं, आणि माल आला. दुसरं एक औषध आहे ट्रायएन्टीन नावाचं, पेनिसिलामिन न सोसणाऱ्यांसाठी, ते कितीतरी महाग, आणि बऱ्याचदा फ्रीजमध्ये ठेवायला लागतं. ते डॉक्टरांनी बोलून ठेवलं होतं, पण वेळ आली नाही.

आता लोक विचारतात, एवढं सगळं एका फार्मासिस्टने प्रत्येक आजाराचं कसं माहीत ठेवायचं. दुर्मिळ आजार सात हजारांच्या आसपास धरतात, कोण पाठ करणार. मी पण करत नाही. मी एवढंच करते की ओळखीचं नसलेलं नाव आलं की गर्दी असली तरी चिठ्ठी बाजूला ठेवते आणि सांगते की अर्ध्या तासाने या. त्या अर्ध्या तासात पत्रक वाचते, ऑर्फानेट या दुर्मिळ आजारांच्या वेबसाईटवर बघते, फाईलवरच्या नंबरला फोन लावते. आणि कॉम्प्युटरमध्ये पेशंटच्या नावापुढे ‘काय देऊ नये’ हे टाकते, म्हणजे मी दुकानात नसले तरी पोराला स्क्रीनवर लाल दिसतं. याच सवयीमुळे पुढे एका मायस्थेनियाच्या (स्नायू कमजोर होण्याचा आजार) आजींच्या वेळी फायदा झाला. त्यांची पायरिडोस्टिग्मिनची गोळी वर्षानुवर्षं आमच्याकडून जाते, एकदा नातू खोकल्यासाठी अॅझिथ्रोमायसिन मागायला आला, चिठ्ठीशिवाय, शेजारच्यांना गुण आला म्हणून. त्या आजारात ते आणि लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स स्नायूंची ताकद आणखी घालवू शकतात, अगदी श्वासापर्यंत. स्क्रीन लाल झाली, पोराने दिलं नाही, आजींना डॉक्टरकडे पाठवलं. नातू चिडून गेला, समोरच्या दुकानात गेला असेल तर माहीत नाही.

रजिस्ट्रेशन रिन्यू करायला रिफ्रेशर कोर्स करायला लागतो, मी केलाय. डायबेटिस, बीपी, कायदा, रेकॉर्ड कसं ठेवायचं, सगळं उपयोगाचं. पण मला वाटतं तिथे एक तास असा हवा की तुमच्या तालुक्यात कुठली कुठली न ओळखीची औषधं जातात ते सगळ्यांनी आणा आणि बोला. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, या औषधांसाठी कधीच येत नाही, त्याला धंदाच नाही त्यात, मग सांगणार कोण. आणि डॉक्टरांनाही एक विनंती, फाईलवर असा एखादा नंबर लिहा जो कुणीतरी उचलतो. त्या निवासी डॉक्टर पुढे हॉस्पिटल सोडून गेल्या, पण जाताना त्यांच्या जागी आलेल्यांचा नंबर मला पाठवून गेल्या. मार्जिनपेक्षा जास्त किंमत आहे त्याला.

पोरगी आता पुण्यात शिकायला आहे. हात थरथरत नाही म्हटलं तरी चालेल, फक्त परीक्षेच्या दिवसांत थोडा. हॉस्टेलजवळचं मेडिकल तिनेच शोधलं आणि मला फोनवर जोडून दिलं. तिकडचा पोरगा नवीन बी.फार्म. होऊन आलेला. पेनिसिलामिन मागवतो म्हणाला, ते सोपं होतं, सदाशिव पेठ त्याला चालत जाण्यासारखी. मी म्हटलं ते झालं, आता तुमच्याकडे मल्टीव्हिटॅमिन कुठलं जास्त जातं? तो म्हणाला मॅडम त्याचा काय संबंध. म्हटलं पट्टी घ्या हातात आणि मागचं वाचून दाखवा. जरा वेळ काहीच आवाज नाही, मग म्हणाला, थांबा मॅडम, दिसत नाहीय, फोटो काढून मोठा करून बघतो.